हाताचा पुरावा आणि मेंदूचं चित्र

अर्धांगवायूनंतर लुळा पडलेला हात सुधारतो आहे की नाही, हे मेंदूच्या स्कॅनवरून कळतं, असा समज आता सुशिक्षित घरांत घट्ट बसला आहे. त्यामागचा तर्क सरळ वाटतो. इजा मेंदूला झाली, तेव्हा सुधारणाही मेंदूतच होणार; आणि मेंदू आतून दाखवणारं यंत्र तर आपल्याकडे आहे. मग हात किती उचलला जातो हे मोजत बसण्यापेक्षा थेट मुळाशीच का पाहू नये? करड्या मेंदूवर लाल-पिवळे ठिपके उमटलेलं चित्र समोर आलं, की ‘मेंदू पुन्हा कामाला लागला’ हे वाक्य आपसूक तोंडी येतं. ठिपके वाढले तर प्रगती, दिसेनासे झाले तर निराशा.

हा समज उथळ आहे आणि त्याने नुकसानही झालं आहे. माझं म्हणणं असं की मेंदूचं चित्र हा सुधारणेचा पुरावा नव्हे. पुरावा हातात असतो: खांदा उचलला जातो का, कोपर सुटं होतं का, मूठ उघडते का. चित्राचं काम निराळं आहे. हात का सुधारला, कुठे अडला आणि पुढे कुठवर जाऊ शकेल, या प्रश्नांना ते मदत करतं. तीसुद्धा हाताची मोजणी आधी नीट झाली असेल तरच. हा क्रम उलटा केल्यावर काय होतं, याची गेल्या तीस-पस्तीस वर्षांतली उदाहरणं फार महागात पडलेली आहेत.

१. रंगीत ठिपका कशाचा असतो

हे ठिपके दाखवणारं एफएमआरआय तंत्र चेतापेशींचं काम पाहत नाही, रक्त पाहतं. ऑक्सिजन सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनमुळे चुंबकीय संकेत किंचित बदलतो, हे सेइजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवलं. १९९२ पर्यंत हे तंत्र माणसांवर वापरलं जाऊ लागलं. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे रक्ताचा ओघ वाढतो, गरजेपेक्षा जास्तच वाढतो, आणि त्या वाढीची नोंद यंत्र घेतं. हा ओघ शिगेला पोहोचायला पाच-सहा सेकंद लागतात. बोट हलायला सेकंदाचा अंशही पुरतो. चित्रातला एक बारीक चौकोन साधारण तीन मिलिमीटरचा असतो आणि त्यात लाखो चेतापेशी मावतात. त्यातल्या किती जणी ‘हलव’ म्हणत होत्या आणि किती ‘थांब’ म्हणत होत्या, हे रंगावरून कळत नाही. विजेच्या बिलावरून घरात कोणी काय काम केलं ते ओळखायला बसावं, तशातला हा प्रकार आहे.

निरोगी माणसाच्या बाबतीत निदान एवढं तरी गृहीत धरता येतं की काम वाढलं की रक्त वाढतं. अर्धांगवायू हा मुळात रक्तवाहिन्यांचा आजार. गुठळीने वाहिनी बंद झाली किंवा वाहिनी फुटली म्हणून तर हा प्रसंग ओढवला. मानेतली धमनी अरुंद झालेली असेल, मेंदूतल्या बारीक वाहिन्या वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने आणि मधुमेहाने ताठरल्या असतील, तर पेशी काम करत असूनही रक्ताचा ओघ हवा तसा आणि हव्या त्या वेळी वाढत नाही. पहिल्या आठवड्यात दिसेनासा झालेला ठिपका तिसऱ्या महिन्यात परत आला, तर पेशी सावरल्या की वाहिन्या सावरल्या? नुसतं चित्र याचं उत्तर देऊ शकत नाही. ज्या रुग्णासाठी हे यंत्र वापरायचं, त्याच्याच बाबतीत त्याचा पाया सर्वांत कच्चा असतो.

शिवाय रंग हा छायाचित्रातला रंग नसतो. हात हलवतानाचा संकेत आणि विश्रांतीचा संकेत यांतला फरक संख्याशास्त्राच्या चाळणीतून काढतात आणि चाळणीच्या वर जे उरतं ते रंगवतात. चाळणी किती बारीक घ्यायची, हे माणसं ठरवतात. २०१६ साली आंद्रेस एकलुंड आणि सहकाऱ्यांनी प्रचलित संगणकीय पद्धती तपासल्या, तेव्हा काही पद्धतींत खोटे ठिपके उमटण्याची शक्यता अपेक्षित ५ टक्क्यांऐवजी ७० टक्क्यांपर्यंत जात होती. त्यावरून एफएमआरआय टाकाऊ ठरत नाही. ते मापन आहे आणि मापनाचे सगळे दोष त्याला आहेत, एवढंच लक्षात ठेवायचं.

२. १९९१ सालचं चित्र आणि त्याचा सोयीचा अर्थ

या सगळ्या समजाची सुरुवात एका खरोखर महत्त्वाच्या कामातून झाली. १९९१ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात फ्रान्स्वा शोले, रिचर्ड फ्रॅकोविआक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्धांगवायूतून सावरलेल्या सहा रुग्णांचा ‘पेट’ या मेंदूचं काम दाखवणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या स्कॅनने अभ्यास केला. रुग्णाने निरोगी हाताची बोटं हलवली की मेंदूची विरुद्ध बाजू सक्रिय होई, म्हणजे नेहमीचंच. सावरलेल्या हाताची बोटं हलवली की मेंदूच्या दोन्ही बाजू सक्रिय होत. ही नवी गोष्ट होती. इजा न झालेली बाजू या खटाटोपात कुठेतरी सामील होत होती.

यातून जो अर्थ लोकांपर्यंत झिरपला तो असा: एक बाजू गेली, तर दुसरी बाजू तिचं काम उचलते. हा अर्थ दिलासा देणारा होता, कथेसारखा होता, आणि म्हणूनच टिकला. पण त्या अभ्यासातले सहाही जण सावरलेले होते. न सावरलेल्यांच्या मेंदूत काय दिसतं, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नव्हता.

तो प्रश्न निक वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये लंडनलाच विचारला. वीस रुग्ण घेतले, काही उत्तम सावरलेले, काही अर्धवट. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या कमाल ताकदीच्या ठरावीक टक्क्यांनी पकड दाबायला सांगितली. निकाल लोकप्रिय समजाच्या नेमका उलट आला. ज्यांचा हात कमी सुधारला होता, त्यांच्या मेंदूत जास्त भाग पेटत होते. ज्यांचा हात जवळजवळ पूर्ववत झाला होता, त्यांचं चित्र निरोगी माणसाच्या चित्रासारखं, म्हणजे आटोपशीर होतं. त्याच वर्षी या गटाने आठ रुग्णांचा महिनोन्‌महिने पाठपुरावा करून दाखवलं की हात सुधारत जातो तसतसं हे पसरलेलं चित्र बहुतांशी आवरत जातं.

म्हणजे ‘ठिपके वाढले, प्रगती झाली’ हे सूत्र बहुतेक वेळा उलटं आहे. पण ‘ठिपके कमी झाले, प्रगती झाली’ असं नवं सूत्र त्याच्या जागी बसवणंही चूक ठरेल. कारण हात अजिबात हलत नसेल तरी ठिपके कमीच दिसतील. एकाच चित्राचे दोन विरुद्ध अर्थ निघू शकतात आणि कोणता खरा ते ठरवायला हाताकडेच वळावं लागतं. माझ्या म्हणण्याचा गाभा हाच आहे.

३. खूण आणि कारण यांची गल्लत

इथवरची चूक वाचनाची होती. पुढची चूक उपचाराची झाली, म्हणून तिच्यावर जास्त थांबायला हवं.

इजा न झालेली बाजू कमी सुधारलेल्या रुग्णांत जास्त पेटते, हे दिसल्यावर एक सिद्धान्त पुढे आला. मेंदूचे दोन अर्धगोल एकमेकांना दाबून ठेवतात. एक अधू झाला की दुसरा शिरजोर होतो आणि अधू बाजूला डोकं वर काढू देत नाही. मग उपाय ओघानेच आला: शिरजोर बाजू शांत करा. त्यासाठी टीएमएस हे तंत्र हाताशी होतं. कवटीवर तारेचं वेटोळं धरून चुंबकीय ठोके देण्याची ही पद्धत अँथनी बार्कर यांनी शेफील्डमध्ये १९८५ साली आणली. सेकंदाला एक अशा संथ गतीने ठोके दिले की खालचा भाग काही काळ मंदावतो. लहान लहान अभ्यासांतून उत्साहवर्धक बातम्या येत राहिल्या. चित्र, सिद्धान्त आणि उपाय एकमेकांत इतके चपखल बसत होते, की शंका घेणाराच अडाणी वाटावा.

मग मोठी चाचणी झाली, ‘नीश’ नावाची, तिचे निकाल २०१८ साली छापून आले. १९९ रुग्ण. काहींना निरोगी बाजूवर खरे ठोके, काहींना खोटे, आणि सगळ्यांना हाताचे व्यायाम. दोन्ही गट सुधारले आणि जवळजवळ सारखेच सुधारले. खऱ्या ठोक्यांनी काहीही जास्तीचं दिलं नाही. जे मिळालं ते व्यायामाने आणि काळाने दिलं होतं.

असं का व्हावं, याचा सुगावा २०१९ मध्ये लागला. जिंग शू, जॉन क्राकाउर, यॉर्न डिड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना झटक्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांपासून पुढे महिनोन्‌महिने तपासलं. दुसऱ्या अर्धगोलाचा हा दाब सुरुवातीला सर्वसाधारणच होता. बिघाड दिसला तो नंतर, हाताचं सुधारणं बऱ्यापैकी होऊन गेल्यावर. म्हणजे ज्याला अडथळ्याचं कारण समजत होतो, ते बहुधा उशिरा उमटणारी खूण होती. त्याआधीच, २००२ मध्ये, ऑक्सफर्डच्या हाइडी योहान्सन-बर्ग यांच्या गटाने दाखवलं होतं की अधिक अधू रुग्णांत निरोगी बाजूच्या एका भागाचं काम ठोक्याने क्षणभर विस्कटलं, तर हात मंदावतो. ती बाजू शिरजोरी करत नव्हती, मदत करत होती, निदान काही रुग्णांत तरी. जी बाजू मदत करते तिलाच शांत करायचा उपाय आपण योजत होतो.

दुसरं उदाहरण ‘एव्हरेस्ट’ चाचणीचं. प्राण्यांत, विशेषतः माकडांत, मेंदूच्या पृष्ठभागाला विजेची चेतना देत हाताचा सराव करून घेतला की सुधारणा वाढते, असं दिसलं होतं. माणसांत तेच करायचं ठरलं. कवटी उघडून मेंदूच्या आवरणावर विद्युताग्र बसवायचं आणि ते नेमकं कुठे बसवायचं हे एफएमआरआयवरच्या ठिपक्यावरून ठरवायचं. १६४ जणांच्या या चाचणीत चौथ्या आठवड्याला चेतना मिळालेल्यांपैकी ३२ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी २९ टक्के जणांनी ठरवलेली पातळी गाठली. हा फरक नसल्यातच जमा होता. पुढच्या विश्लेषणातून दिसलं की ज्यांच्या उतरत्या मज्जामार्गाला कमी इजा झाली होती, त्यांना चेतनेचा फायदा जास्त झाला. ठिपका योग्य जागी होता, विद्युताग्रही योग्य जागी होतं. पण तिथून हाताकडे जाणारी वाटच अनेकांत तुटलेली होती. ठिपका ‘इथे काहीतरी घडतंय’ एवढं सांगत होता. घडलेलं हातापर्यंत पोहोचतं का, हे सांगणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

या दोन चाचण्यांत शेकडो रुग्णांनी आपला वेळ दिला, दुसऱ्या चाचणीत तर अनेकांनी डोक्यावर शस्त्रक्रियाही सोसली. संशोधनात अपयश येतंच आणि प्रामाणिकपणे छापलेल्या अपयशाचं मोल मोठं असतं. पण दोन्ही ठिकाणी चित्राच्या बळावर एक पायरी गाळली गेली: चित्रातला बदल आणि हातातला बदल यांत कोण आधी आणि कोण नंतर, हे पाहण्याची.

४. यंत्राच्या नळीत रुग्ण नेमकं काय करत असतो

रुग्णाला उताणं झोपवून नळीत सरकवतात. डोकं हलू नये म्हणून दोन्ही कानांशी फोमचे तुकडे खोचतात. हातात दाबायचं उपकरण दिलेलं असतं. डोळ्यांवरच्या आरशात पडदा दिसतो आणि त्यावर खूण येते: दाब, सोड, दाब, सोड. निरोगी माणूस बोटं मिटतो आणि उघडतो, बाकी शरीर निवांत. अर्धांगवायू झालेल्या माणसाने बोटं मिटायला घेतली की कोपर आखडतं, खांदा कानाकडे ओढला जातो, जबडा आवळला जातो, श्वास रोखला जातो. बऱ्याचदा दुसऱ्या हाताची मूठही त्याच्या नकळत आवळली जाते. आणि एवढ्या फोममधूनही डोकं मिलिमीटरभर हलतंच.

यातली प्रत्येक गोष्ट चित्रात उमटते. ‘निरोगी अर्धगोल जागा झाला’ असं जे दिसतं, ते काही वेळा निरोगी हाताच्या आवळलेल्या मुठीचंच चित्र असतं. म्हणून काटेकोर संशोधक दोन्ही दंडांवर आणि मनगटांवर स्नायूंची वीज मोजणाऱ्या पट्ट्या लावतात, दाबाची नोंद ठेवतात आणि प्रत्येकाचं काम त्याच्या ताकदीच्या प्रमाणात बेततात. तसं केलं नाही तर पाच किलोचा दाब एकाला खेळ आणि दुसऱ्याला जिवाचा आटापिटा होतो, आणि आपण श्रमाचा फरक मोजून त्याला पुनर्रचना म्हणत बसतो.

आणखी दोन अडचणी याहून खोल आहेत. पहिली अशी की ज्याचा हात अजिबातच हलत नाही, त्याला हे काम करताच येत नाही, म्हणून तो अभ्यासातून गळतो. ज्यांच्या भवितव्याबद्दल सर्वांत जास्त अनिश्चितता असते, नेमके तेच चित्रात नसतात. दुसरी अडचण कामाच्या निवडीची. मूठ आवळणं लवकर परत येतं, मूठ उघडणं उशिरा येतं आणि पुष्कळांना येतच नाही. तांब्या पकडण्यासाठी आधी बोटं उघडावी लागतात, हे ज्याने असा हात जवळून पाहिला आहे त्याला सांगावं लागत नाही. तरीही नळीत करायला सोपं म्हणून आवळण्याचाच अभ्यास जास्त झाला.

मग ‘सुधारणा’ कशाला म्हणायचं, हा प्रश्न येतो. समोरचा पेला उचलताना एक रुग्ण कोपर सरळ करतो. दुसरा कोपर तसंच आखडलेलं ठेवून कमरेतून पुढे वाकतो, खांदा फेकतो आणि मनगटाच्या बाहेरच्या अंगाने पेला जवळ ओढतो. पेला दोघांनाही मिळाला. पहिल्याची जुनी हालचाल परत आली आहे. दुसऱ्याने पर्याय शोधला आहे. पर्यायाला मी कमी लेखत नाही. ज्याला सदऱ्याचं बटण स्वतः लावायचं आहे, त्याने ते कसंही लावावं. पण मेंदूच्या दृष्टीने या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींमुळे चित्र बदलतं. हालचालीचं बारकाईने मोजमाप, म्हणजे सांध्यांचे कोन, हाताचा मार्ग, धडाचं पुढे झुकणं, हे शेजारी नसेल तर बदललेलं चित्र कशाचं आहे, हे पाहणाऱ्याला कळणारच नाही.

५. चित्र जिथे खरोखर उपयोगी पडतं

एव्हरेस्ट चाचणीने बोट दाखवलं ते वाटेकडे. मेंदूच्या पृष्ठभागावरून निघून मज्जारज्जूत उतरणारा, हाताच्या हालचालीचा आदेश नेणारा मज्जातंतूंचा जुडगा आहे. त्याला कॉर्टिकोस्पायनल मार्ग म्हणतात. मेंदूच्या आत एका अरुंद जागेतून तो जातो. तिथे झालेली छोटी इजाही हात पार लुळा करू शकते आणि दुसरीकडे झालेली मोठी इजा हाताला धक्काही लावत नाही. एमआरआयच्या ‘डिफ्यूजन’ प्रकारात पाण्याचे रेणू तंतूंच्या दिशेने कसे सरकतात ते मोजतात आणि त्यावरून हा जुडगा कितपत शाबूत आहे याचा अंदाज येतो. हे चित्र काम करणाऱ्या मेंदूचं नसतं, रचनेचं असतं. त्यात रुग्णाला काहीही करावं लागत नाही, म्हणून पूर्ण लुळा हात असलेल्यालाही ते लागू पडतं. पुनर्वसन-संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय बैठकीने २०१७ मध्ये जैविक खुणांची छाननी केली, तेव्हा हाताच्या बाबतीत या मार्गाची शाबुती आणि टीएमएसने हाताच्या स्नायूत उमटणारा प्रतिसाद या दोन गोष्टी चाचण्यांत वापरण्याजोग्या ठरवल्या. एफएमआरआयला त्यांनी ‘अजून विकसित करायचं’ या रांगेत ठेवलं. लोकांच्या मनात मात्र क्रम उलटा आहे.

ऑकलंडच्या कॅथी स्टिनिअर आणि विन्स्टन बिब्लो यांचं काम मला या साऱ्या विषयातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. २०१२ मध्ये त्यांनी तीन पायऱ्यांची पद्धत मांडली: आधी खाटेशेजारची साधी तपासणी, गरज असेल तर टीएमएस, आणि त्यातही उत्तर मिळालं नाही तर एमआरआय. पहिली पायरी अशी, की तिसऱ्या दिवसापर्यंत रुग्णाचा खांदा बाजूला किती उचलला जातो आणि बोटं किती सरळ होतात याला प्रत्येकी ० ते ५ गुण द्यायचे. बेरीज ८ किंवा जास्त असेल तर पुढच्या तपासण्यांची गरज नाही. हात जवळजवळ पूर्ववत होणार, असं मानायला आधार आहे.

पुढे २०७ रुग्णांची माहिती जमल्यावर त्यांनी आपलीच पद्धत पुन्हा तपासली आणि २०१७ मध्ये सुधारित रूप छापलं. त्यात एमआरआय नव्हता. झटक्याची तीव्रता मोजणारी खाटेशेजारची गुणपत्रिका तेच काम तितक्याच चांगल्या रीतीने करत होती, म्हणून त्यांनी तो काढून टाकला. नवी पद्धत तीन महिन्यांनंतरच्या स्थितीचा अंदाज ७५ टक्के रुग्णांत बरोबर देत होती. स्वतः बांधलेल्या पद्धतीतून यंत्राची पायरी स्वतःच काढणं फार थोड्यांना जमतं.

खाटेशेजारच्या त्या दोन हालचालींत किती माहिती असते, हे नेदरलँड्समधल्या २०१० च्या अभ्यासाने आधीच दाखवलं होतं. झटक्यानंतर ७२ तासांच्या आत थोडीशी का होईना बोटं उघडणाऱ्या आणि खांदा उचलणाऱ्या रुग्णांना सहा महिन्यांनी हाताचं काही कौशल्य परत मिळण्याची शक्यता ९८ टक्के होती. दोन्ही न करू शकणाऱ्यांना २५ टक्के. आणि ऑकलंडमध्ये तिथल्या पद्धतीचा अंदाज उपचार करणाऱ्यांच्या हाती दिल्यावर रुग्णालयातला मुक्काम १७ दिवसांवरून ११ दिवसांवर आला, हाताच्या सुधारणेत काही उणं न पडता.

६. आक्षेप

पहिला आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: हाताची मोजणी तरी कुठे निर्दोष आहे? नाहीच. हाताच्या कमजोरीचं सर्वाधिक वापरलं जाणारं मोजमाप स्वीडनच्या फ्यूगल-मेयर यांनी १९७५ साली दिलं. त्यात कमाल ६६ गुण. २००८ मध्ये त्यावरून एक नियम निघाला की बहुतेक रुग्ण आपल्या गमावलेल्या गुणांपैकी सुमारे ७० टक्के परत मिळवतात. नियम इतका सुबक होता की दहा वर्षं त्यावर संशोधन उभं राहिलं. २०१९ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं की त्या सुबकतेचा मोठा वाटा गणिती आहे: सुरुवातीचा गुण समीकरणाच्या दोन्ही बाजूंना येतो आणि ६६ च्या वर कोणालाच जाता येत नाही, म्हणून संबंध असावा त्यापेक्षा घट्ट दिसतो. पण ही चूक हाताच्या आकड्यांकडे पुन्हा पाहूनच सापडली. हाताचं मोजमाप ढोबळ असेल तर ते बारीक करा, हालचालींचं चित्रण करा, मनगटावर संवेदक बांधून घरी हात किती वापरला जातो ते नोंदवा. कच्च्या मोजपट्टीऐवजी भलतीच वस्तू मोजून भागत नाही.

दुसरा आक्षेप: यंत्रं सुधारतील, संगणक हजारो स्कॅन वाचून माणसाला न दिसणारे आकृतिबंध शोधतील. शोधतीलही. पण संगणकाला शिकवताना प्रत्येक स्कॅनसमोर ‘हा सुधारला, हा नाही’ असं लिहावं लागतं, आणि ते लिहायचं कशावरून? हाताच्या गुणांवरूनच. तो रकाना घाईने भरलेला असेल तर हजारांचे लाख स्कॅन झाले तरी घाई तशीच राहील.

तिसरा आक्षेप भावनिक आहे आणि म्हणूनच मला तो हलक्याने घ्यावासा वाटत नाही: चित्र पाहून रुग्णाला उमेद येते. येते, पण चित्र पाहून उमेद जातेही. ‘हा भाग गेला, आता काही होणार नाही’ हे वाक्यही स्कॅनकडे बोट दाखवूनच बोललं जातं. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये झटका येऊन महिने-वर्षं लोटलेल्या रुग्णांना तीन आठवड्यांत ९० तासांचा हाताचा सराव देतात. अशा २२४ रुग्णांचे निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना झटका येऊन दीड वर्षाहून जास्त काळ झाला होता, तरी हात सुधारले आणि सहा महिन्यांनीही ती सुधारणा टिकून होती. एवढ्या उशिरा कोणी सुधारत नाही असं मानून ज्यांना घरी बसवलं असतं, ते हे लोक. ही सुधारणा मोजली गेली ती हाताच्या चाचण्यांवर.

चौथा आक्षेप आपल्याकडचा. महागड्या स्कॅनवर टीका करून तुम्ही सगळं घरच्यांवर ढकलणार का? नाही, कारण तेही तपासून झालं आहे. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर ‘अटेंड’ नावाची चाचणी झाली आणि २०१७ मध्ये तिचे निकाल आले. एका गटात घरच्या माणसांना पुनर्वसनाचं प्रशिक्षण दिलं, दुसऱ्यात नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत ४७ टक्के. निकाल निराश करणारा आहे, पण मला त्यातली रीत महत्त्वाची वाटते: आपल्याच देशातला एक मोठा प्रश्न, मेंदू कुठे पेटतो हे न विचारता, माणूस स्वतःचं स्वतः करू शकतो का एवढंच विचारून स्वच्छ सुटला. कमी पडतं ते बहुतेक सरावाचं प्रमाण. कॅथरीन लँग यांनी २००९ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या उपचारसत्रांत मोजलं, तेव्हा एका सत्रात हाताच्या उपयोगी हालचालींची सरासरी ३२ निघाली. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांतून मेंदूच्या पुनर्रचनेची सगळी आशा निर्माण झाली, त्यांत ती रोज शेकड्यांत असते. ३२ हालचालींच्या आधी आणि नंतर काढलेल्या चित्रांत पुनर्रचना शोधून काय हाती लागणार?

आपल्याकडे रुग्ण घरी निघतो तेव्हा फाइलमध्ये एमआरआयचा सविस्तर अहवाल असतो. कोणत्या धमनीच्या प्रदेशात इजा, केवढी, कोणत्या बाजूला, सगळं त्यात लिहिलेलं असतं. हाताबद्दल मात्र अनेकदा ‘पॉवर २/५’ एवढीच नोंद असते, कोणत्या सांध्याची आणि कोणत्या दिवसाची हे न लिहिता. तिसऱ्या दिवशी खांदा बाजूला उचलण्याचे गुण किती आणि बोटं सरळ करण्याचे किती, हे दोन आकडे तारखेसह त्या कागदावर यायला हवेत. आणि तीच तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करून त्याखाली लिहायला हवी. याला यंत्र लागत नाही. खाटेशेजारी बसून ‘बोटं उघडा बघू’ असं म्हणणारं आणि उघडेपर्यंत थांबणारं माणूस लागतं.